थांबायचं की पळायचं?

हवा आत जाते, बाहेर येते. रक्त गोल गोल फिरतं. यात काही बिघडलेलं दिसलं तर ते वाईट. अमेरिकेत रुग्णवाहिकेवर काम करणारी जुनी मंडळी नव्याने आलेल्या पोरांना हे हसत हसत ऐकवतात. थट्टाच आहे ती, पण तिच्यात कामाचा क्रम अचूक सांगितलेला आहे. अपघाताच्या जागी पोचल्यावर आधी श्वासाची वाट मोकळी आहे का ते पाहायचं, मग श्वास चालू आहे का, मग नाडी आणि रक्तस्राव. मोडलेलं हाड, फाटलेला चेहरा, आक्रोश करणारे नातेवाईक, हे सगळं त्यानंतर. डोळ्यांना जे सर्वांत भयंकर दिसतं ते बहुधा सर्वांत तातडीचं नसतं, आणि ही नजर यायला बरीच वर्षं जातात.

हा क्रम रुजवणाऱ्यांत पीटर साफार यांचं नाव आधी घ्यावं लागतं. व्हिएन्नात जन्मलेले हे भूलतज्ज्ञ. १९५०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये त्यांनी स्वयंसेवकांना भूल देऊन, त्यांचे स्नायू शिथिल करून, तोंडाने दिलेला श्वास दुसऱ्याच्या फुप्फुसांत पुरेसा पोचतो हे मोजून दाखवलं. १९६० मध्ये त्याच शहरातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी छातीवर दाब देऊन रक्त फिरतं ठेवता येतं हे प्रसिद्ध केलं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते तयार झालं. साफार पुढे पिट्सबर्गला गेले. १९६६ मध्ये त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने दगावली. रुग्णालयाच्या दाराबाहेरची मिनिटं हा त्यानंतर त्यांचा ध्यासच झाला.

ती मिनिटं तेव्हा कोणाच्या ताब्यात होती? त्याच १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. आदल्या वर्षी देशात १,०७,००० माणसं अपघाताने मेली होती. अहवालाने नोंदवलं की देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवतात, कारण आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असते. सकाळी जी गाडी शव नेई तीच दुपारी जखमीला उचले. गाडीत उपचार असे काही नसत. जोरात चालवायची, एवढंच.

पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होतं. दोन शिपाई यायचे, माणसाला कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर टाकून गाडीच्या मागच्या भागात ठेवायचे आणि स्वतः दोघंही पुढे बसायचे. मागे रुग्णाजवळ कोणी नसे. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर पोलिसांना बोलवायलाच लोक कचरत. मुख्य प्रवाहाने टाकून दिलेल्या त्याच वस्तीतून १९६७ मध्ये फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवेची सुरुवात झाली. फिल हॅलन नावाचे गृहस्थ एका वैद्यकीय निधीचे प्रमुख होते. त्यांनी साफार यांना गाठलं, आणि वस्तीतल्या फ्रीडम हाउस या संस्थेने माणसं दिली. माणसं कोण, तर बेकार तरुण; काहींनी शाळाही पूर्ण केलेली नव्हती, काही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले. सरकारी भाषेत ज्यांच्यावर 'नोकरीस अयोग्य' असा शिक्का बसलेला, ते हे लोक.

साफार यांनी त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. शरीररचना, प्रथमोपचार, प्रसूती, शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाशेजारी उभं राहून श्वासमार्ग सांभाळण्याचा सराव. अनुभवी डॉक्टरांनाही जे तेव्हा नीट येत नव्हतं ते ही मुलं शिकली. सेवा सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी पाच हजारांहून जास्त कॉल घेतले. साफार यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा गंभीर रुग्णांना योग्य उपचार मिळण्याचं फ्रीडम हाउसचं प्रमाण ८९ टक्के निघालं. पोलीस आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांनी आणलेल्या रुग्णांपैकी मात्र ६२ टक्क्यांना चुकीची हाताळणी मिळाली होती. १९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर तिथे वैद्यकीय संचालक म्हणून आल्या, गाडीतून स्वतः फिरू लागल्या, आणि पुढे देशभरच्या पॅरामेडिकांसाठीचा अभ्यासक्रम याच कामाच्या आधारावर उभा राहिला.

आणि १९७५ च्या ऑक्टोबरात शहराने फ्रीडम हाउसचं कंत्राट संपवून स्वतःची सेवा सुरू केली. जुन्या लोकांना सामावून घेऊ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यांना नव्या परीक्षांना बसवलं गेलं, कमी अनुभवाच्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलं गेलं, आणि बरेचजण बाहेर पडले. जॉन मून हे टिकून राहिलेल्यांपैकी एक. त्याच शहराच्या सेवेत ते पुढे सहायक प्रमुखपदापर्यंत पोचले. पॅरामेडिक या पेशाचा इतिहास सांगताना दूरचित्रवाणीवर १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'इमर्जन्सी' या लोकप्रिय अमेरिकी मालिकेचा उल्लेख हमखास होतो. हिल डिस्ट्रिक्टचा उल्लेख कित्येक दशकं होत नव्हता. हा अन्याय केवळ मानाचा नव्हता. थोडं औपचारिक शिक्षण झालेल्या माणसाच्या हातात किती वैद्यकीय अधिकार द्यायचे, हा प्रश्न या मुलांनी काम करून सोडवला होता आणि ते उत्तर विसरलं गेलं. तोच प्रश्न आजवर या पेशातल्या जवळजवळ प्रत्येक वादाच्या तळाशी आहे.

सर्वांत जुना वाद म्हणजे थांबायचं की पळायचं. रुग्ण जिथे पडला तिथेच त्याला स्थिर करायचं, की उचलून थेट रुग्णालय गाठायचं? फ्रान्सची 'सामू' ही सेवा पहिल्या मताची. तिथे गंभीर कॉलवर डॉक्टरच गाडीत येतो आणि अतिदक्षता विभाग जणू रस्त्यावर मांडतो. ऑगस्ट १९९७ च्या शेवटच्या रात्री पॅरिसच्या बोगद्यात प्रिन्सेस डायना यांच्या गाडीला अपघात झाला तो १२ वाजून २३ मिनिटांनी. रुग्णवाहिका रुग्णालयात पोचली ती २ वाजून ६ मिनिटांनी. इंग्रजी भाषक जगात यावर संताप झाला, पण फ्रेंच पद्धतीनुसार ते काम नियमाप्रमाणेच चाललं होतं. जखम फुप्फुसातून हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची, अत्यंत दुर्मीळ. दुसऱ्या पद्धतीने त्या वाचल्या असत्या असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

थांबण्याच्या बाजूने मात्र मोठा पुरावाही आहे. बेलफास्टमध्ये १९६६ साली फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने मोटारीच्या बॅटरीवर चालणारं, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र रुग्णवाहिकेत बसवलं. वजन सुमारे ७० किलो. हृदयविकाराने मरणारी बरीच माणसं रुग्णालयात पोचण्याआधीच मरतात, तर यंत्रच त्यांच्या दारात न्यावं, हा त्यांचा साधा हिशेब होता. तो बरोबर ठरला. हृदय थांबलेल्या माणसाला उचलून पळण्यात अर्थ नसतो; जिन्यावरून उतरवताना छातीवर नीट दाब देता येत नाही.

गोळी लागलेल्या माणसाचं गणित नेमकं उलटं. त्याचं रक्त आतून वाहतंय, ते थांबवायला शस्त्रक्रिया लागते आणि शल्यविशारद रस्त्यावर नसतो. ह्यूस्टनमध्ये झालेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. धडाला गोळी किंवा सुरा लागलेल्या, रक्तदाब उतरलेल्या ५९८ रुग्णांपैकी काहींना वाटेतच भरपूर सलाइन दिलं, काहींना शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचेपर्यंत दिलं नाही. पहिल्या गटातले ६२ टक्के जगले, दुसऱ्या गटातले ७० टक्के. सलाइनने दाब वाढतो, गुठळी सुटते, उरलेलं रक्त पातळ होतं. सुई टोचून बाटली लटकवणं हे उपचार चालू असल्याचं सर्वांत दिसणारं चिन्ह. तेच इथे काहींच्या जिवावर उठत होतं. फिलाडेल्फियात तर आजही गोळी लागलेल्या माणसाला पोलीस आपल्या गाडीत टाकून थेट नेतात आणि अशा रुग्णांचं जगण्याचं प्रमाण रुग्णवाहिकेतून नेलेल्यांहून वाईट आढळलेलं नाही. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्याच पेनसिल्व्हेनियात, ज्या पोलिसी पद्धतीविरुद्ध फ्रीडम हाउस उभं राहिलं होतं, तिचंच एक रूप ठरावीक जखमेसाठी योग्य निघालं. मला यात विरोधाभास दिसत नाही. दम्याच्या रुग्णाला मागे एकटं टाकणं हा गुन्हा होता आणि पोटात गोळी असलेल्याला रस्त्यावर अर्धा तास ठेवणं हाही गुन्हाच. कोणासमोर काय करायचं ते ओळखणाऱ्या माणसाची किंमत इथे कळते.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १७ शहरांमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासाने पेशाला आणखी हादरवलं. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत असं दिसलं की विजेचा झटका लवकर देण्याची सोय जिथे आधीच आहे तिथे श्वासनलिकेत नळी घालणं आणि शिरेतून औषधं देणं हे प्रगत उपचार वाढवूनही हृदय थांबलेल्यांपैकी जगणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. मग ब्रिटनमध्ये हृदय थांबलेल्या ८,०१४ रुग्णांवर ॲड्रिनलीनची चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. ॲड्रिनलीन दिलेल्यांपैकी महिनाभराने ३.२ टक्के जिवंत होते, न दिलेल्यांपैकी २.४ टक्के. म्हणजे औषध काम करतं. पण वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्या गटात ३१ टक्के होतं, दुसऱ्यात १८ टक्क्यांच्या आत. हृदय परत आलं, माणूस आला नाही, अशी ती अवस्था. जमिनीवर गुडघे टेकून बसलेल्या पॅरामेडिकने इंजेक्शन हातात घेताना हे आकडे आठवायचे का? मला वाटतं, त्याच्यावर हा भार टाकूच नये. हे ठरवायचं काम समाजाने, आजारी पडण्याआधी, शांतपणे करायला हवं.

वर्षानुवर्षं शिकवलेल्या गोष्टी अशा एकेक गळून पडत गेल्या. मणक्याला इजा असेल या भीतीने प्रत्येक अपघातग्रस्ताला कडक फळीवर बांधायचं, हा तर जवळपास धर्मच होता. १९९८ मध्ये न्यू मेक्सिको आणि मलेशिया इथल्या रुग्णांची तुलना झाली. मलेशियात तेव्हा कोणालाच असं बांधत नसत, आणि तिथल्या रुग्णांत मज्जासंस्थेच्या इजेमुळे आलेलं अपंगत्व कमी आढळलं. आता अनेक सेवा फळी फक्त उचलण्यापुरती वापरतात. अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा, ही बाल्टिमोरचे शल्यविशारद ॲडम्स काउली यांनी गाजवलेली कल्पना. २००१ मध्ये दोन संशोधकांनी तिचं मूळ शोधायचा प्रयत्न केला. नेमक्या साठ मिनिटांना आधार देणारी आकडेवारी त्यांना सापडली नाही. लवकर पोचावं हे खरंच, पण एकसष्टाव्या मिनिटाला दार बंद होत नाही. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत हा 'गोल्डन अवर' व्याख्येसह आला आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

वेळेचा ताण गाडीतल्या माणसांच्या अंगावरही उतरतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत जॅक स्टाउट या अर्थतज्ज्ञाने सुचवलं की कॉल कुठून येतील याचा अंदाज बांधून गाड्या ठाण्यात न ठेवता चौकाचौकांत उभ्या ठेवाव्यात. त्याने पोचण्याचा वेळ कमी होऊ शकतो. पण बारा तास गाडीच्या सीटवर, पेट्रोल पंपाच्या कडेला, तिथेच जेवायचं, स्वच्छतागृह शोधत फिरायचं. पाठ, गुडघे, झोप, सगळ्यांची वाट लागते. सायरनचंही तसंच. सायरन लावून वाचणारा वेळ बहुधा दोन-चार मिनिटांच्या आत असतो आणि अपघाताचा धोका मात्र वाढतो, असं अभ्यास सांगत आलेत. म्हणून किरकोळ कॉलवर सायरन बंद ठेवायची शिस्त आता शिकवली जाते. लोकांना मात्र सायरन न वाजवता आलेली गाडी बेपर्वा वाटते.

अशा कामात माणसं हसतात. खूप हसतात, आणि ज्या गोष्टींवर हसतात त्या बाहेरच्याला सांगण्यासारख्या नसतात. त्यातल्या सौम्य गोष्टी जगभर सारख्या. ड्यूटीवर 'आज शांत आहे' असं म्हणायचं नाही. म्हणालं की फोन वाजलाच. एका ब्रिटिश रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तर याची रीतसर चाचणी झाली, काही दिवस हा शब्द मुद्दाम उच्चारून आणि काही दिवस टाळून. कामाचा बोजा काही बदलला नाही. २०१९ च्या नाताळ अंकात 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोधनिबंध छापला, आणि तरीही कोणी तो शब्द उच्चारत नाही. एखाद्या सहकाऱ्यामागे वाईट केसेस लागतात म्हणून त्याला 'काळा ढग' म्हणायचं. अमेरिकेत झिंगलेल्या प्रत्येकाने 'फक्त दोन बिअर' घेतलेल्या असतात, आणि मार खाल्लेला प्रत्येकजण आपल्या वाटेने चाललेला असतो, तेवढ्यात 'कोणीतरी' येऊन मारून जातो. हा 'कोणीतरी' देशातला सर्वांत मोठा गुन्हेगार आहे, त्याला एकदा पकडायला हवं, असं त्या गाड्यांत बोललं जातं.

मला हे हसू फार महत्त्वाचं वाटतं. तासाभरापूर्वी एका लेकराच्या छातीवर दोन बोटांनी दाब देत होते ते हात आता पुढच्या कॉलवर एका आजोबांची साखर मोजणार आहेत. आजोबांना आधीच्या घरातलं काही कळता कामा नये. मधल्या दहा मिनिटांत गाडी पुसायची, चादर बदलायची, आणि स्वतःलाही बदलायचं. विनोद हे त्या दहा मिनिटांचं साधन आहे. दोघांना एकच गोष्ट हसण्यासारखी वाटली की दोघांनी एकच गोष्ट पाहिली याची खूण पटते, आणि एकटेपणा थोडा ढिला होतो. नवा माणूस हसायचा थांबला, गप्प राहू लागला, तर जुन्यांचं लक्ष लगेच त्याच्याकडे जातं.

पण विनोद परिस्थितीवर असतो तोवरच औषध आहे. तो रुग्णावर वळला की आजार होतो. पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्याला 'नेहमीचा प्रवासी' म्हणण्याची अमेरिकेत रीत आहे. गाडी त्याच्या पत्त्याकडे वळली की आत हशा पिकतो, आणि उतरताना यंत्रांची पेटी गाडीतच राहते. साखर एकदम उतरलेला मधुमेही अडखळत बोलतो, झुलतो, चिडतो. तो दारू प्यायलेल्यासारखाच दिसतो. डोक्याला मार लागलेलाही तसाच. २००६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये एका नामवंत दैनिकाचे निवृत्त पत्रकार रस्त्यावर पडलेले सापडले. लुटारूंनी त्यांच्या डोक्यात पाइप घातला होता. पोचलेल्यांना ते दारू प्यायलेले वाटले, तपासणी वरवरची झाली, प्राधान्य खालचं मिळालं, आणि ते वाचले नाहीत. शहराच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने जवळजवळ प्रत्येक पायरीवरची हेळसांड नोंदवली. 'दोन बिअर'चा विनोद निदानाच्या जागी जाऊन बसला की काय होतं, ते या अहवालात आहे.

महाराष्ट्रात हे सगळे प्रश्न १०८ च्या गाडीत आहेत. हैदराबादमधून २००५ साली सुरू झालेला हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी आला, ९३७ गाड्यांसह. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या. मुंबईत त्याआधी, २००५ पासून, १२९८ ही खासगी सेवा होती, आणि २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांसाठी मोटारसायकलवरची रुग्णवाहिकाही आली. बऱ्याच राज्यांत १०८ च्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने मात्र प्रत्येक गाडीत डॉक्टर द्यायचं ठरवलं, म्हणजे एका परीने फ्रेंच वाट. हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर, तातडीच्या उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले. शेजारी गाडी चालवणारा, ज्याला इथे 'पायलट' म्हणतात. पदवीवरून त्यांच्यावर टीका होते तेव्हा मला फ्रीडम हाउसची मुलं आठवतात. त्यांच्याकडे तर कोणतीच पदवी नव्हती. त्यांच्याकडे सराव होता, ठरलेली कार्यपद्धती होती, आणि चूक झाल्यास शेजारी बसून दाखवणारे साफार आणि कॅरोलाइन होते. १०८ च्या डॉक्टरला आणि पायलटला दर वर्षी पुन्हा किती तास शिकवलं जातं, त्यांच्या केसेस कोण तपासतं, पाठोपाठ किती तास ड्यूटी लावली जाते, पगार वेळेवर होतो का, हे विचारायला हवं.

आणि अंतर. पॅरिस-ह्यूस्टनच्या वादात रुग्णालय दहा-पंधरा मिनिटांवर गृहीत असतं. मेळघाटातून किंवा भामरागडहून निघालेल्या गाडीला थांबणं आणि पळणं एकाच वेळी करावं लागतं. उपचार होतात ते धावत्या गाडीत, घाटात, खड्ड्यांत. १०८ च्या कॉलमध्ये बाळंतपणाचा वाटा मोठा आहे आणि कितीतरी मुलं गाडीतच जन्मतात. पायलट अशा वेळी गाडी कडेला घेतो, दिवे लावून ठेवतो आणि बाईच्या सासूला धीर देत बाहेर उभा राहतो.

आणि गाडी पोचेपर्यंत काय? ऑन्टारिओच्या अभ्यासात प्रगत औषधांनी फरक पडला नाही, पण जवळ उभ्या असलेल्या सामान्य माणसाने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली होती तिथे जगण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढलेली दिसली. सिएटल शहराने हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखलं आणि नागरिकांना शिकवायला घेतलं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत न थांबता. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४अ म्हणून कायद्यातच आलं. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांचा दंड आहे तोही त्याच दुरुस्तीतला. १०८ ला फोन लागला की रुग्णाला काय झालं त्याच्याआधी जागा सांगावी: गाव, रस्ता, किलोमीटरचा दगड, जवळचं देऊळ किंवा शाळा. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. आणि एकाला फाट्यावर उभं करावं, रात्री असेल तर हातात बॅटरी देऊन.